ही गोष्ट नेमकी आहे कुठे?

‘मोबाइलची मेमरी भरली’ असं कोणी म्हणालं की बोलणाऱ्याच्या मनात एक असतं आणि ऐकणारा भलतंच समजतो. फोन हळू चालतोय म्हणून घरातलं कोणीतरी भराभर फोटो उडवून देतं. फोन तसाच रेंगाळत राहतो आणि फोटो मात्र गेलेले असतात. इथे चूक कोणाच्या वयाची नाही. एका शब्दावर दोन गोष्टींचं ओझं टाकलंय, ही खरी अडचण आहे.

कॉम्प्युटरचे शब्द परके आहेत म्हणून अवघड वाटतात असं नाही, कारण टेबल आणि पेन हे शब्दही परकेच होते. हे शब्द जोडीजोडीने येतात आणि एकमेकांत मिसळतात, म्हणून घोळ होतो. रॅम आणि स्टोरेज, वायफाय आणि इंटरनेट, गूगल आणि ब्राउझर, सिंक आणि बॅकअप. त्यांना मराठी प्रतिशब्द देऊनही गाठ सुटत नाही. ‘संकेतस्थळ’ पाठ केलं तरी स्क्रीनवर लिहिलेलं असतं ‘वेबसाइट’च. म्हणून शब्द जसेच्या तसे ठेवू या. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: ही गोष्ट आहे कुठे? उत्तरं तीनच असतात. तुमच्या हातातल्या यंत्रात, वाटेत, किंवा दूर कुठल्यातरी कंपनीच्या कॉम्प्युटरवर.

रॅम आणि स्टोरेज

दोन्ही तुमच्याच यंत्रात असतात आणि दोन्ही जीबीमध्ये मोजतात, त्यामुळे गोंधळ होणारच. फोनच्या खोक्यावर ‘८ जीबी + १२८ जीबी’ असं छापलेलं असतं. त्यातला पहिला, लहान आकडा रॅमचा आणि दुसरा, मोठा स्टोरेजचा. स्टोरेजमध्ये ठेवलेलं यंत्र बंद केलं तरी टिकतं: फोटो, व्हिडिओ, पत्रं, अ‍ॅप. रॅममध्ये फक्त आत्ता उघडलेलं काम असतं आणि वीज गेली की ते पुसलं जातं. अर्धं पत्र टाइप केलं, सेव्ह केलं नाही आणि कॉम्प्युटर बंद पडला, तर पत्र का जातं ते यावरून कळेल. ते अजून रॅममध्येच होतं. ‘सेव्ह’ म्हणजे रॅममधलं स्टोरेजमध्ये नेऊन ठेवणं. काही नवे प्रोग्रॅम हे काम आपोआप करतात, सगळे करत नाहीत. तेव्हा दर पाच-दहा मिनिटांनी कंट्रोल आणि एस ही बटणं एकत्र दाबायची सवय चांगली.

फोन हळू चालत असेल तर काही उडवण्याआधी मोकळी जागा बघा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’, आयफोनवर सेटिंग्ज, मग ‘जनरल’, मग ‘आयफोन स्टोरेज’. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ‘सिस्टम’, ‘स्टोरेज’. जागा जवळजवळ संपली असेल तर त्यामुळेही यंत्र अडखळतं, तेव्हा सफाई करणं योग्य. पण निम्मी जागा रिकामी दिसत असेल तर फोटो उडवून काही साधणार नाही. उघडी राहिलेली कामं बंद करा, फोन रीस्टार्ट करा. सफाई करायचीच असेल तर फोटोंपेक्षा व्हिडिओंपासून सुरुवात करा. फोनवर काढलेला एक फोटो साधारण २ ते ५ एमबीचा असतो (१ जीबी म्हणजे सुमारे हजार एमबी), तर एका मिनिटाचा व्हिडिओ सहज १०० एमबीच्या आसपास जातो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, ‘स्टोरेज अँड डेटा’, ‘मॅनेज स्टोरेज’ असं गेलात की सगळ्यात जड फाइली वरच दिसतात.

आणखी एक शंका नेहमी येते. नवा लॅपटॉप २५६ जीबीचा म्हणून घेतला आणि विंडोज दाखवतं २३८. उरलेले १८ जीबी कोणी चोरलेले नाहीत. बनवणारी कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. माप बदललं, माल तेवढाच आहे. वर विंडोज स्वतःसाठीही बरीच जागा अडवून बसतं, ती गोष्ट वेगळी.

वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे

वायफाय म्हणजे तुमचा फोन आणि घरातला राउटर, म्हणजे इंटरनेट कंपनीची तार जिथे येते तो दिवे लागणारा डबा, यांच्यातला बिनतारी दुवा. तो घराबाहेर जात नाही. राउटरपासून पुढे कंपनीच्या तारेतून जगाशी जोडलं जाणं म्हणजे इंटरनेट. म्हणूनच वायफायची खूण पूर्ण भरलेली दिसते आणि तरीही काही उघडत नाही. फोन राउटरपर्यंत पोहोचलाय, राउटरच पुढे पोहोचलेला नाही. अशा वेळी अँड्रॉइडवर वायफायच्या खुणेशेजारी बहुधा उद्गारचिन्ह येतं.

फोनची सेटिंग्ज चाळत बसण्याआधी घरातल्या दुसऱ्या यंत्रावर इंटरनेट चालतंय का ते बघा. तिथे चालत असेल तर दोष तुमच्या फोनचा. तिथेही नसेल तर राउटरची विजेची वायर काढा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा लावा आणि दोन-तीन मिनिटं काहीही करू नका. राउटर सुरू व्हायला तेवढा वेळ घेतोच. लोक तीस सेकंदांत धीर सोडतात आणि पुन्हा बंद करतात. मग तो बिचारा कधीच पूर्ण जागा होत नाही. तरीही लाल दिवा जळत राहिला तर बिघाड बहुधा घराबाहेर आहे आणि कंपनीला फोन करण्यावाचून इलाज नाही.

वायफायच्या यादीत कधी एकाच नावाची दोन जाळी दिसतात, एकाच्या शेवटी ‘५जी’ लिहिलेलं. हे मोबाइल कंपनीचं ५जी नाही. ते ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय आहे. ते वेगवान असतं, पण भिंती ओलांडताना दमतं. दुसरं २.४ गिगाहर्ट्‌झचं, जरा संथ, पण लांबच्या खोलीपर्यंत पोहोचतं. आतल्या खोलीत व्हिडिओ कॉल तुटत असेल तर साध्या नावाचं जाळं निवडून बघा.

वेगाच्या आकड्यातही गंमत आहे. इंटरनेटचा वेग एमबीपीएसमध्ये सांगतात, त्यातला बी म्हणजे बिट. फाइलच्या एमबीतला बी म्हणजे बाइट. ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणजे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरतात आणि १ जीबीच्या फाइलला सव्वा-दीड मिनिट लागतं. वायफायवर प्रत्यक्षात त्याहून थोडं जास्तच.

गूगल, ब्राउझर, वेबसाइट

ब्राउझर हे तुमच्या यंत्रातलं अ‍ॅप: क्रोम, सफारी, एज, फायरफॉक्स. वेबसाइट दूरच्या कॉम्प्युटरवर असते. गूगल ही त्यातलीच एक वेबसाइट, तिचं काम बाकीच्या साइट शोधून देणं. पूर्वी पत्ता लिहायची पट्टी आणि शोधायची चौकट वेगळ्या असत, आता दोन्हीला एकच पट्टी आहे. म्हणून फरक दिसेनासा झाला, पण तो संपलेला नाही. पट्टीत पूर्ण पत्ता लिहिला तर ब्राउझर थेट त्या साइटवर जातो. नुसते शब्द लिहिले तर शोधाची यादी येते, आणि यादीत सगळ्यात वर पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असू शकतात. त्यांच्यावर बारीक अक्षरात ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं असतं. बँकेचा मदत क्रमांक शोधाच्या यादीतून उचलणं ही माझ्या मते इंटरनेटवरची सगळ्यात महाग पडणारी सवय आहे. तो क्रमांक कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला असतो, तिथूनच घ्या.

पत्ता वाचायची एक युक्ती शिकण्यासारखी आहे. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्यापुढच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतर पुढची तिरकी रेघ जिथे येते तिथे थांबा आणि तिथून उलटं, मागे वाचा. शेवटी ‘कॉम’ असेल तर त्याच्या लगेच आधीचा शब्द हा साइटच्या मालकाचा. ‘अमुकबँक डॉट कॉम’ म्हणजे अमुक बँकेची साइट. ‘अमुकबँक डॉट तपासणी डॉट कॉम’ असेल तर मालक ‘तपासणी’ नावाचा कोणीतरी आहे. बँकेचं नाव पुढे नुसतं टांगलंय. काही देशांत शेवट ‘को डॉट यूके’सारखा दोन तुकड्यांचा असतो, तिथे त्या दोन्हींच्या आधीचा शब्द बघायचा.

आणि पत्त्याशेजारची कुलपाची खूण? ती एवढंच सांगते की वाटेत कोणी तुमचं बोलणं ऐकत नाही. पलीकडे बसलेला माणूस सज्जन आहे की भामटा, हे कुलूप सांगत नाही. लोक मात्र ‘कुलूप आहे म्हणजे पलीकडचा सज्जन’ असाच अर्थ काढत होते. क्रोमने २०२३ मध्ये पट्टीतलं कुलूप काढून तिथे दुसरी खूण बसवली, त्याचं एक कारण हेच.

डाउनलोड झालं, पण गेलं कुठे?

डाउनलोड म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरवरची प्रत आपल्या यंत्रात उतरवणं. अपलोड त्याच्या उलट. उतरलेली फाइल ‘डाउनलोड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये जाते. विंडोजमध्ये पिवळ्या फोल्डरच्या चिन्हाचं फाइल एक्सप्लोरर उघडलं की डावीकडे तो दिसतो. क्रोम किंवा एजमध्ये असताना कंट्रोल आणि जे दाबलं की उतरवलेल्या फाइली दिसतात. अँड्रॉइडवर बहुतेक फोनमध्ये ‘फाइल्स’ नावाचं अ‍ॅप असतं, त्यात ‘डाउनलोड्स’. फाइल सापडली नाही म्हणून तीच पुन्हा पुन्हा उतरवली, तर नावापुढे कंसात १, २, ३ असे आकडे चढत जातात. असे आकडे दिसले की समजायचं, पहिल्या खेपेलाच काम झालं होतं.

डाउनलोडने फक्त फाइल येते. इन्स्टॉल म्हणजे ती फाइल चालवून प्रोग्रॅम यंत्रात बसवणं. फोटो किंवा पीडीएफ इन्स्टॉल करावी लागत नाही. फोटो बघायला क्लिक केलं आणि फोन ‘इन्स्टॉल करायचं का?’ विचारू लागला, तर तो फोटो नाहीच. कॅन्सल करा. अँड्रॉइडचा प्रोग्रॅम असलेल्या फाइलच्या नावाचा शेवट ‘डॉट एपीके’ असतो, विंडोजच्या प्रोग्रॅमचा बहुधा ‘डॉट ईएक्सई’. विंडोज मुळात हा शेवट लपवून ठेवतं, आणि ही त्याची खोड मला अजिबात पटत नाही. ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ अशा नावाची फाइल तुम्हाला ‘बिल डॉट पीडीएफ’ अशीच दिसते आणि गरीब कागद वाटते. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून वरच्या ‘व्ह्यू’वर क्लिक करा, मग ‘शो’, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’. एकदा हे केलं की पूर्ण नाव दिसू लागतं.

अ‍ॅप, अकाउंट आणि किल्ल्या

अ‍ॅप तुमच्या फोनमध्ये असतं. अकाउंट कंपनीच्या कॉम्प्युटरवर असतं. अ‍ॅप काढून टाकलं तरी अकाउंट तसंच राहतं, त्याची महिन्याची वर्गणीही कापली जात राहते. वर्गणी थांबवायची जागा वेगळी आहे. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून वर कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर, मग ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर तुमच्या नावावर, मग ‘सबस्क्रिप्शन्स’. उलट बाजूने पाहिलं तर फोन हरवला म्हणून ईमेल हरवत नाहीत. त्या फोनमध्ये नव्हत्याच. दुसऱ्या यंत्रावर त्याच अकाउंटने आत गेलात की सगळ्या समोर.

पिन, पासवर्ड आणि ओटीपी या तिघांचा फरकही ‘कुठे’ विचारलं की उलगडतो. फोन किंवा लॅपटॉप उघडायचा पिन त्या यंत्रापुरता असतो. दुसऱ्या यंत्रावर तो चालत नाही. पासवर्ड कंपनीच्या कॉम्प्युटरवर तपासला जातो, म्हणून तो जगात कुठूनही वापरता येतो, चोरालाही. ओटीपी हा वाटेतला माल. ‘पासवर्ड बरोबर आहे, पण हा फोन नंबरही याच्याच हातात आहे ना?’ हे तपासायला तो पाठवतात. काही मिनिटांत तो निकामी होतो. म्हणून तर फसवणारा घाई करतो. तुम्ही काहीच केलेलं नसताना ओटीपी आला, तर कोणीतरी तुमच्या दारात उभा आहे आणि त्याला फक्त तेवढाच आकडा हवाय. व्हॉट्सअ‍ॅपचा सहा आकडी कोड कोणाला सांगितला तर तुमचा नंबर त्याच्या फोनवर चालू होतो. असं झालंच तर लगेच आपल्या फोनवर पुन्हा नंबर नोंदवा, म्हणजे तो बाहेर फेकला जातो. त्यानंतर सेटिंग्ज, ‘अकाउंट’, ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ इथे स्वतःचा वेगळा पिन लावून ठेवा.

पासवर्ड वहीत लिहू नये असं सांगणारे बरेच भेटतील. मी तसं सांगणार नाही. घरातल्या कपाटातली वही चोरायला चोराला घरी यावं लागतं, तर सगळीकडे एकच पासवर्ड ठेवला की एका साइटवरून फुटलेला पासवर्ड बाकी सगळी दारं उघडतो. ईमेलचा पासवर्ड मात्र सगळ्यांहून वेगळा आणि लांब हवा, कारण इतर ठिकाणचा पासवर्ड विसरलात की नवा करायची लिंक ईमेलवरच येते. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द ओळीने लिहिले की लक्षातही राहतात आणि ओळखायलाही कठीण जातात.

क्लाउड, सिंक, बॅकअप

क्लाउड आकाशात नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी इमारतीतले कॉम्प्युटर आहेत, तिथे तुम्हाला थोडी जागा दिलेली असते. गूगल फुकट १५ जीबी देतं, पण तीच जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत वाटलेली असते. अ‍ॅपलच्या आयक्लाउडवर फुकट ५ जीबी. गूगलची जागा भरली की कालांतराने जीमेलवर नवी पत्रं येणंच थांबतं. फोटोंमुळे ईमेल बंद पडली, हे पटकन सुचत नाही.

सिंक आणि बॅकअप यांतला घोळ मात्र सगळ्यात जास्त रडवतो. बॅकअप म्हणजे वेगळी ठेवलेली प्रत. सिंक म्हणजे दोन जागा कायम सारख्या ठेवणं. इकडे वाढलं की तिकडे वाढतं, आणि इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. ‘क्लाउडवर आहेतच’ म्हणून फोनच्या ‘गूगल फोटोज’ अ‍ॅपमधून एखादा फोटो डिलीट केला, तर तो क्लाउडवरूनही जातो. फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्याच अ‍ॅपमध्ये कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर दाबून ‘फ्री अप स्पेस’ निवडा. क्लाउडवर पोहोचलेल्या फोटोंचीच फोनमधली प्रत त्याने पुसली जाते. चुकून डिलीट झालंच तर घाबरू नका. बॅकअप झालेला फोटो गूगलच्या ‘ट्रॅश’मध्ये ६० दिवस राहतो, आयफोनच्या ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस, तर जीमेलच्या ट्रॅशमधलं पत्र ३० दिवस. फोटो खरोखर वर गेलेत का हे तपासायचं तर दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये आपलं अकाउंट उघडा. तिथे दिसले तर आहेत. फोनवर बघून काही सिद्ध होत नाही.

जे काही झालं तरी गमवायचे नाहीत असे फोटो वर्षातून दोनदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि डिस्कची वायर काढून ठेवा. जोडून ठेवलेल्या डिस्कला व्हायरसही पोहोचतो आणि विजेचा झटकाही.

कॅशे आणि कुकी

थोडक्यात सांगतो. कॅशे म्हणजे पुन्हा पुन्हा लागणारी चित्रं वगैरे जवळ ठेवलेला साठा. तो पुसला तरी नुकसान नाही, पुन्हा जमतो. कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली चिठ्ठी, ‘हा मघाशी आत आलेला माणूस’ अशी. १९९४ मध्ये नेटस्केप या त्या काळच्या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू मोंटुली यांनी ही सोय केली. कुकी पुसल्या की सगळीकडे पुन्हा पासवर्ड मागतात, म्हणून तो हाताशी नसताना हे करू नका. साइटने परवानगी मागितली तर ‘रिजेक्ट ऑल’ दाबायला हरकत नाही. बहुतेक साइट तरीही चालतात. अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅपच्या माहितीत ‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर डेटा’ ही दोन बटणं शेजारी असतात. पहिलं निरुपद्रवी. दुसऱ्याने त्या अ‍ॅपने फोनमध्ये ठेवलेलं सगळं जातं. ही बटणं इतकी जवळ का ठेवली असतील, हे त्या कंपन्यांनाच ठाऊक.

रीस्टार्ट, अपडेट आणि खोटी धोक्याची घंटा

विंडोजमध्ये ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणं आणि ‘रीस्टार्ट’ करणं सारखं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तीच उचलून लवकर उठतं. अडकलेली गोष्टही तशीच उचलली जाते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून तक्रार असेल तेव्हा रीस्टार्टच करा.

अपडेट म्हणजे असलेल्या प्रोग्रॅमची दुरुस्ती. तुमचे फोटो आणि पत्रं त्याने पुसली जात नाहीत. ते चालू असताना वीज मात्र तोडू नका. विंडोज १० ची नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तो कॉम्प्युटर चालतो, पण नव्याने सापडणारी भोकं बुजवली जात नाहीत, वाढीव मुदतीची वेगळी सोय घेतली तरच बुजतात. खरं अपडेट सेटिंग्जमध्ये किंवा अ‍ॅप स्टोअरमध्ये येतं. वेबसाइट बघताना मध्येच उडी मारून येत नाही.

तसंच स्क्रीनभर लाल पाटी, भोंगा आणि ‘या नंबरवर ताबडतोब फोन करा’. हा व्हायरस नाही, नुसतं एक वेब पान आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून ठेवा, मग ऑल्ट आणि एफ ४. तरीही हटलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. जी यादी येईल तीत ब्राउझरचं नाव निवडून ‘एंड टास्क’ करा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर ‘मागची पानं परत आणू का?’ असं विचारतो, तिथे नाही म्हणा. अशा पाट्या कोपऱ्यातून सारख्या येत असतील तर कधीतरी एखाद्या साइटला नोटिफिकेशनसाठी ‘अलाउ’ दाबलं गेलंय. क्रोमच्या तीन ठिपक्यांत सेटिंग्ज, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’ इथे जाऊन अनोळखी नावं काढून टाका.

कोणाची मदत घ्यायची असेल तर ‘काहीतरी एरर येतोय’ असं सांगून उपयोग होत नाही. एररचे शब्द जसेच्या तसे हवेत. त्यासाठी स्क्रीनशॉट घ्या. अँड्रॉइडवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र, नव्या आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र. विंडोजवर विंडोजची कळ आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबलं की चित्र ‘पिक्चर्स’मधल्या ‘स्क्रीनशॉट्स’ फोल्डरमध्ये जाऊन पडतं. पाठवण्याआधी त्यात ओटीपी, कार्डाचा नंबर किंवा खाते क्रमांक दिसत नाही ना, तेवढं बघून घ्या.